पाणमांजराचा उजवा कान

"९ मार्च, गुरुवार. दूध नासलं. नळवाला आजही आला नाही. धाकटीचा कान आज बसणार."

मोठ्या जावेनं डायरीत एवढं लिहीपर्यंत धाकटी तो कान जुन्या चादरीत गुंडाळून संग्रहालयात पोचलीसुद्धा होती.

तो पाणमांजराचा आतला कान होता. हातांनी चाचपता यावा म्हणून खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा केलेला. वेटोळा शंख ऐकण्यासाठी, त्याच्या मागे तीन कमानदार नळ्या तोल सांभाळण्यासाठी. आजवर धाकटीनं तिथे दुसऱ्यांच्या कामाला रंग दिला होता. स्वतः घडवायला मिळालेलं हे पहिलंच. उद्या अंधशाळेची मुलं येणार होती.

सुतारानं लाकडी कवटीच्या डाव्या बाजूला खाच कोरून ठेवली होती. कान तिच्यात बसेना. नाकाकडे हवा तो शंख मागे जात होता, नळ्या पुढे येत होत्या.

"ताई, जरा घासून देऊ?" सुतारानं विचारलं.

"थांबा भाऊ."

ती आतल्या खोलीत गेली. जिच्यावरून तिनं कान घडवला, ती पाणमांजराच्या डोक्याची एक्स-रे फिल्म दिव्याच्या काचेवर अजून तशीच होती. कोपऱ्यातली चिकटपट्टी तिनं सोलली. तिच्याखाली झाकलेलं डाव्या-उजव्याच्या खुणेचं अक्षर उलटं! फिल्म पालथी लावून ती तीन महिने आरशातला कान घडवत बसली होती. बाहेर येऊन तिनं ते सांगून टाकलं.

"कुणाला कळतंय गं?" संग्रहालयाच्या मुख्य बाई म्हणाल्या. "डावा म्हणून दे ठोकून."

"ब्रेलच्या पाटीवर लिहिलंय, शंख नाकाकडे. मुलांच्या बोटांना उलटंच लागेल."

"मग काय, रिकामी कवटी दाखवायची?"

धाकटीनं कान हातात फिरवला. "बाई, हा डावा म्हणून चुकलाय. उजवा म्हणून अगदी बरोबर आहे."

"म्हणजे पलीकडूनही मीच खणायचं!" सुतार कपाळाला हात लावत म्हणाला आणि पटाशी घेऊन बसला.

संध्याकाळी कान बसला, पण उजवी बाजू लोकांसमोर यावी म्हणून कवटी फिरवावी लागली. भिंतीवर रंगवलेल्या नदीकडचं नाक आता दाराकडे झालं.

"पाण्याकडे पाठ करून बसलंय," बाई म्हणाल्या.

"आंघोळीचा कंटाळा आला असेल," सुतार म्हणाला.

बाई हसल्या. "आता डावाही तूच कर. फिल्म तेवढी सुलटी लाव."

घरी मोठीनं दारातच विचारलं, "बसला का गं?"

"बसला. पण उजवीकडे."

"बसला ना? मग हातपाय धू आणि जेवायला बस."

रात्री मोठीनं डायरीत लिहिलं: "धाकटीनं स्वयंपाकघराच्या खिडकीला फिल्म लावली, अक्षर उघडं ठेवून. चिकटपट्टी संपली."