उष्टी मरळ

माशांच्या धंद्यात बर्फ वितळून जातो, किस्से मात्र साठत राहतात. त्यातून धरण आटलं तर विचारूच नका! दुष्काळाच्या त्या वर्षांत जायकवाडीचं पाणी इतकं मागं सरलं, की होडीपर्यंत जायला अर्धा तास चिखल तुडवावा लागे. उरलेल्या पाण्यात सगळे मासे गोळा झाले आणि त्यांना खाणारेही.

इकडे शहर वाढत होतं, रोज नवं हॉटेल. मी त्यांना मासे पोचवायचो. पकडायचे बाबुराव आणि रशीदभाई, दोघं एकाच होडीत. लांबलचक दोर, त्याला तीनशे गळ. संध्याकाळी दोर सोडायचा, सकाळी ओढायचा. मधल्या वेळात पाहुणे जेवून जायचे.

*

रशीदभाई नुसता चावा बघून खाणाऱ्याचं नाव सांगत. पोट गेलं तर कासव, डोळे गेले तर पाणकावळा, मुंडकं गेलं तर पाणमांजर.

एकदा चिकलठाण्याचा एक नवा हॉटेलवाला माझ्यासोबत काठावर आला. पोट नसलेला मासा उचलून म्हणाला, "अर्धा साफ करून देता, मग पूर्णच करून द्या की."

रशीदभाई शांतपणे म्हणाले, "जितना कछवा करा, उतनाइच मिलता, सेठ."

त्यानं मासा हळूच खाली ठेवला.

*

पाणमांजरीला घाबरवायला बाबुरावांनी दोराला रिकामे डबे बांधले, आत खडे. गळाला मासा लागला, दोर हलला, की खडखडाट! चार दिवस मुंडकी शाबूत राहिली. पाचव्या दिवसापासून डबा वाजला की मांजर हजर.

"आपुनच तिला जेवायची घंटा लावून दिली," बाबुराव म्हणाले आणि डबे सोडायला बसले.

*

मग कॉलेजातली दोन पोरं दुर्बीण घेऊन आली. "काका, पाणमांजर फार दुर्मिळ आहे. तिला त्रास देऊ नका."

"दुर्मिळ?" बाबुराव म्हणाले. "ती तर रोज भेटती. मुंडक्यासकट मरळ कुठं दिसली तर तिचा फोटू काढा."

बाबुरावांच्या या रागाला कारण होतं. मुकुंदवाडीला दिलेली त्यांची सुनीता सात महिन्यांची गरोदर होती, आणि तिला डोहाळे लागले होते मरळीच्या मुंडक्याच्या रश्श्याचे. तीन आठवडे बाप मरळी धाडत होता, सगळ्या बिनमुंडक्याच्या. मी बाजारातली आख्खी मरळ देऊ केली. पण सुनीताला बापाच्या हातचीच हवी होती, आणि बापालाही दुसऱ्याची चालणार नव्हती. मला त्या माणसाची खरंच दया येई.

*

शेवटी एके दिवशी बाबुराव सकाळपासून होडीतच ठाण मांडून बसले. डोळ्यांदेखत दोर, दर दहा मिनिटांनी उचलून बघायचा. दुपारी हातभर लांब मरळ लागली, डोळ्यांसकट, जबड्यासकट! रशीदभाईंनी काठावरूनच मला फोन केला. मी टेम्पो घेऊन पोचलो तेव्हा मरळ ओल्या पंच्यात गुंडाळून बाबुरावांच्या मांडीवर होती. मुकुंदवाडीपर्यंत त्यांनी ती खाली ठेवली नाही.

सुनीतानं मसाला वाटून ठेवला होता. तिनं पंचा उघडला.

मुंडकं नव्हतं.

मी बाबुरावांकडे बघितलं. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डबे सोडल्यापासून त्यांचा एक रिवाज पडला होता. होडी काठाला लागली, की पहिल्या आख्ख्या माशाचं मुंडकं कापून मांजरीकडे फेकायचं, म्हणजे ती होडीतल्या बाकीच्यांना तोंड लावत नाही.

"काठाला लागलो, न्‌ हात आपसूक चालला बघ," ते म्हणाले. "माझ्याच हातानं दिलं गं तिला."

सुनीता पाटावर बसली. एक हात पोटावर, दुसऱ्यात तो पंचा.

"एकलीच व्हती का?" तिनं विचारलं.

"नाय. दोन पिल्लं व्हती संगं."

सुनीतानं मरळ उचलून ताटात ठेवली.

"मग पुरलं का तिघांना?"