समासातली माणसं

आमचे यहुदी सर आपल्याशी वाद घालणारा माणूस शोधत गावोगाव हिंडत. ते स्वतः यहुदी नव्हते, तीर्थपुरीकडच्या शेतकरी घरातले होते. नवीन जालन्यात दोन खोल्यांत बसून यहुदी विचारावर ग्रंथ लिहीत, म्हणून हे नाव पडलं. त्यांच्या वहीत मजकूर मधोमध मूठभर आणि भोवती समास हातभर. जुन्या यहुदी ग्रंथांत मूळ वचनाभोवती पिढ्यापिढ्यांचे वाद असतात, मान्य न झालेलं मतही ठेवतात, याचं त्यांना भारी अप्रूप.

समास ते इतरांकडून भरून घेत. गल्लीतल्या मौलवीसाहेबांपुढे वही धरत, एसटीनं कुंभार पिंपळगावच्या बौद्ध गुरुजींकडे जात. "गोड नका लिहू. पटलं न्हाई तिथं बराबर बोट ठेवा," म्हणत. गुरुजींनी एकदा लिहिलं, 'देवाशी भांडणारी ही माणसं आवडली. पण आम्ही देवच ठेवला नाही, भांडावं कुणाशी?' ही ओळ सर आल्यागेल्याला ऐकवत.

मी नुकता एम. ए. झालो होतो आणि विद्वत्ता अंगात मावत नव्हती. सरांची नजर मंदावली, तेव्हा छापखान्यासाठी स्वच्छ प्रत करायचं काम मी मागून घेतलं. महिनाभर खपलो. मजकूर उतरवला, समास वगळला. ऐऱ्यागैऱ्याच्या शंका ग्रंथात शोभत नाहीत, हे माझं मत. ओल लागलेल्या जुन्या वह्या बंबात घातल्या, त्यावर तापलेल्या पाण्यानं आंघोळ केली आणि कडक इस्त्रीचा सदरा घालून सरांना प्रत वाचून दाखवायला गेलो.

चौथ्या पानावर त्यांनी थांबवलं. "गुरुजी कुठं गेले रे?"

"वगळले, सर."

"आन् मौलवीसाब?"

मी बंबाचं सांगितलं. सर प्रत हातात घेऊन तिच्या कोऱ्या कडेवरून बोट फिरवत राहिले. कौतुकाला शब्द सापडत नसतील, असं मला वाटलं.

"मंग हे माझ्या एकट्याचंच राह्यलं की," ते म्हणाले. "एकट्यानं बोलायला मी काय भोंगा हाये का?"

मौलवीसाहेबांनी आठवून आठवून पुन्हा लिहून दिलं. गुरुजी मात्र आदल्या उन्हाळ्यातच वारले होते. सरांना पाठ असलेली त्यांची एक ओळ छापली, बाकी त्यांचा समास कोराच ठेवला.

प्रस्तावना सरांनी मला सांगितली, मी लिहून घेतली. "लिही," ते म्हणाले, "गुरुजींचे आक्षेप माझ्या हलगर्जीपणामुळे नष्ट झाले."

सर आता नाहीत. त्यांच्या अख्ख्या ग्रंथात तेवढं एकच वाक्य खोटं आहे. ते मी वळणदार अक्षरात उतरवलं आणि आक्षेप घेतला नाही.