अप्पांच्या बंदुकीचा रेनकोट

वैजिनाथ अप्पांना बंदूक कोरडी ठेवायचं वेड आहे, आणि हे वेड त्यांना बीड जिल्ह्यात लागावं ही देवाची थट्टाच म्हणायची. इथं टँकर दिसला की पोरं टाळ्या पिटतात. पण अप्पा अठरा वर्षं फौजेत होते, त्यातली पाच मेघालयात गेली. तिथं महिनोन् महिने पावसात उभं राहून जे शिकले, ते गावी परतल्यावरही विसरले नाहीत. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी ते बीडच्या एका सिक्युरिटी एजन्सीत गार्ड आहेत. परवान्याची बाराबोर दुनळी स्वतःची, स्कूटर स्वतःची, आणि मिशा तर विचारूच नका. मी त्यांचा शेजारी, निवृत्त गुरुजी. गावात कुठलाही कार्यक्रम असो, माईक माझ्याच हातात असतो, म्हणून पुढचा सगळा तमाशा मी हातभर अंतरावरून पाहिला.

अप्पांचा मंत्र एकच. "गुरुजी, आदी बंदूक, मंग काडतूस, मंग माणूस." आभाळ नुसतं काळं झालं की ते नळी खाली करून बंदूक खांद्याला अडकवणार, म्हणजे आत थेंब जायला नको. वर खताच्या पिशवीची खोळ. त्यावर घरातला एकुलता एक रेनकोट. काडतुसांच्या बुडाला ओल शिरू नये म्हणून सून रुचिकाची नखपॉलिश, तीही गुलाबी, कारण दुसरी तिच्याकडं नव्हती. मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून मग बूट. एवढं झालं की स्वतःसाठी उरायचं ते डोक्यावरचं पोतं. ड्यूटीवरून आले तरी बंदूक तडक घरात न्यायचे नाहीत. भिजल्या गारठ्यातनं एकदम उबेत नेली तर तिला घाम येतो म्हणे. अर्धा तास ओसरीवर बसून तिला घरची हवा मानवू द्यायचे. आतून नीलाबाई, म्हणजे अप्पांची बायको, ओरडायच्या, "तिला इचारा, च्या घेती का!"

वडवणीच्या बाजाराला दोघं स्कूटरवर जायचे, कारण तिथून अप्पा तसेच पुढं ड्यूटीला निघायचे. मधे बंदूक, मागं नीलाबाई. पाऊस आला की रेनकोट बंदुकीला आणि नीलाबाई पदर डोक्यावर घेऊन. गावाला हे इतकं सवयीचं झालं होतं की त्यात कुणाला काही वावगंही वाटेना. मलाही वाटलं नव्हतं, हे कबूल करतो.

आता मुख्य गोष्ट. नळी खाली केली तरी वाऱ्याचा पाऊस आडवा येतो. त्याला फौजेतला उपाय आहे. नळीच्या तोंडावर निरोध चढवायचा. पाणी आत जात नाही, आणि वेळ आलीच तर तो काढत बसायचीही गरज नाही, गोळी त्यातूनच जाते. अप्पांनी आधी फुगे वापरून पाहिले, पण ते उन्हानं चिकटायचे. मेडिकलवाला हरिओम पडला नात्यातला, त्याच्याकडं मागायचं कोणत्या तोंडानं? शेवटी त्यांनी गावातल्या आशा कार्यकर्त्या वच्छलाबाईंना गाठलं. वच्छलाबाई विधवा, दोन पोरींचं घर त्या कामावर चाललेलं. त्यांच्याकडं सरकारी पाकिटांची पेटी पडून होती आणि गावात कुणी घ्यायला तयार नव्हतं. वाटप होत नाही म्हणून बैठकीत दर महिन्याला बोलणी खायच्या. त्यांनी हसत पाकिटं दिली आणि रजिस्टरात नाव लिहिलं. वैजिनाथ अप्पा.

गेल्या सप्टेंबरात एजन्सीचं वार्षिक फायरिंग होतं. गावाबाहेरच्या जुन्या खदानीत, डोंगराच्या अंगाला, रीतसर परवानगी काढून. पाच काडतुसं, त्यातली तीन तरी वाजली पाहिजेत, नाहीतर बंदूक घरी ठेवून हातात काठी घ्यायची. त्या दिवशी पाऊस असा कोसळला की निशाणाचा फळाही दिसेना. इतर गार्डांनी बंदुका उघड्यावर ओल्या केल्या, काडतुसं खिशात भिजून फुगली. घोडा दाबला की नुसतं टक्. बद्रीनाथ नावाच्या गार्डानं तर रागानं बंदुकीलाच शिव्या घातल्या. मग पोतं पांघरलेले अप्पा पुढं झाले. खोळ काढली. पाचच्या पाच बार खदानीत घुमले.

"हे काय लावलं बे अप्पा नळीला?" बद्रीनाथनं विचारलं.

अप्पांनी सांगितलं. एजन्सीच्या साहेबांनी बाकीच्यांना पुन्हा बार काढून दाखवायला आठ दिवसांची मुदत दिली, आणि त्या संध्याकाळी सहा गार्ड अप्पांच्या मागं लागले. आम्हालाबी आणून द्या. अप्पा दिलदार. वच्छलाबाईंकडून सगळ्यांसाठी घेऊ लागले. त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत हटला नाही, आणि पुन्हा जूनपासून सुरू. बाकीचे गार्ड परगावचे, त्यांची नावं आपल्या गावच्या रजिस्टरात कशी लिहायची? वच्छलाबाईंनी सगळी पाकिटं अप्पांच्याच नावावर टाकली. एका महिन्यात नव्वद.

जुलैत लोकसंख्या पंधरवडा आला आणि आरोग्य खात्याच्या कुणा साहेबांनी वर्षाचा आकडा पाहिला. लगेच पत्र. कुटुंब नियोजनात पुरुषांनी कसा सहभाग घ्यावा याचा आदर्श म्हणून श्री. वैजिनाथ अप्पा यांचा सपत्नीक सत्कार. ठिकाण, आपल्याच गावचं सभागृह.

पत्र मी वाचून दाखवलं. अप्पांच्या मिशा खाली आल्या. नीलाबाईंनी हातातलं सूप आपटलं.

"हापशावर तोंड दाखवायची सोय ऱ्हायली न्हाई! सून पदरात तोंड घालून हसतीय. कावून नाव लिवू दिलं तुमी?"

तेवढ्यात वच्छलाबाई आल्या, डोळे सुजलेले. "अप्पा, बंदुकीला वापरले म्हनून सांगितलं तर रजिस्टर खोटं ठरतंय. माझं काम जाईल वो. दोन पोरी हायेत."

"माझ्या दारात पाय ठिवू नको तू," नीलाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. अप्पा माझ्याकडं वळले. "गुरुजी, मी जल्मात खोटं बोललो न्हाई. अन खरं बोललो तर हिचं घर बसतंय. काय करू?" मी आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या. त्या दिवशी नुसती पत्राची घडी घालत बसलो. लाजच वाटली.

सत्काराच्या दिवशी सभागृहाच्या पत्र्यावर पाऊस नुसता धडधडत होता, तरी आत पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी ग्रामसभेला कुत्रं फिरकत नाही. साहेबांनी अप्पांना शाल घातली, नारळ दिला, आणि मला म्हणाले, "दोन शब्द बोलू द्या त्यांना." मी जीव मुठीत धरून माईक पुढं केला. कोपऱ्यात वच्छलाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

अप्पा सावधान उभे राहिले. "मी फौजी मानूस हाय. खोटं बोलनार न्हाई. ही वस्तू मी माझ्या बंदुकीला घालतो."

मग जो हशा उठला, त्यात पाऊस ऐकू येईना.

"हसू नका!" अप्पा चिडले. "बंदूक जुनी झाली म्हनून हयगय करू न्हाई. पावसाळ्यात तर रोज घालावं लागतं. दर फायरिंगला नवं घ्यायचं. एकदा वापरलेलं पुन्ना वापरायचं न्हाई. एजन्सीतल्या सगळ्या गड्यांला मीच शिकवलं हे."

साहेब डोळे पुसत उठले. "वा! किती सूचक! किती मार्मिक!" त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. अप्पा पुन्हा पुन्हा सांगत होते, "अवो साहेब, खरीच बंदूक! बाराबोर!" आणि लोक बाकांवरून घसरत होते. बाराबोरवर तर शिट्ट्या पडल्या.

फक्त एक माणूस हसला नाही. आरोग्य केंद्रातल्या, चष्मा लावलेल्या मोठ्या सिस्टर रजिस्टर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या. "महिन्याला नव्वद? अठ्ठावन्नाव्या वर्षी? हा आकडा मला पटत नाही. बाईंना विचारते मी." त्यांनी नीलाबाईंना पुढं बोलावलं. हशा विरला. वच्छलाबाईंनी तोंडावर पदर दाबला. आता सगळं त्या बाईच्या हातात होतं, जिनं पंधरा दिवसांत वच्छलाबाईंचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

नीलाबाईंनी कोपऱ्यात एकदा पाहिलं. मग माईक माझ्या हातातून घेतला.

"सिस्टर, आकडा बरूबर हाय. वच्छलाबाई खोटं लिवनारी बाई न्हाई. ह्यांचा बंदुकीवर लई जीव. तिला थेंब लागू देत न्हाईत. वीस वर्सं बगतेय मी, ती कोरडी अन मी आपली भिजत."

सभागृह कोसळलं. सिस्टरनाही हसू आवरेना, हसत हसतच त्यांनी रजिस्टरवर सही केली आणि ते वच्छलाबाईंच्या हातात दिलं. वच्छलाबाई खाली बसून रडू लागल्या, म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. मीही हसत होतो. अप्पा मात्र हसले नाहीत. बायको काय बोलली ते त्या अख्ख्या गर्दीत त्यांना एकट्यालाच नीट कळलं होतं.

त्यांनी हळूच विचारलं, "लई भिजलीस का गं?"

माईक चालूच होता. सगळ्यांनी ऐकलं आणि हशा आपोआप थांबला.

"वीस वर्सांनी इचारताय व्हय," नीलाबाई म्हणाल्या. त्यांनी माईक मला परत दिला, अप्पांच्या खांद्यावरची सत्काराची शाल काढून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि पावसात घराकडं चालू लागल्या. अप्पा नारळ छातीशी धरून त्यांच्या मागं भिजत गेले.