‘जाते’ म्हणायचं नाही

आमच्या सीमेवरच्या मंठाळ गावात घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. चुकून म्हणालाच, तर म्हातारी माणसं त्याला हाताला धरून परत बसवतात, घोटभर पाणी पाजतात आणि पुन्हा नीट निघायला लावतात. मराठीत ‘येतो’, कन्नडात ‘होगि बर्तीनि’ म्हणजे जाऊन येतो, आणि शेजारच्या खालाच्या दखनीत ‘जाको आतूं’. भाषा तीन, पण नुसतं जायचं धाडस एकीतही नाही. त्यावर घरात राहणाऱ्यानं ‘ये’ म्हणायचं. ते कानावर पडल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. पाव्हणे निघाले की ‘येतो’, ‘या’ करता करता आमच्याकडे एक बस हमखास चुकते.

या रिवाजाचे सगळ्यात कडक राखणदार म्हणजे माझे सासरे. सगळं घर त्यांना अप्पाच म्हणतं. माणूस गोड, पण हट्टी म्हणजे किती हट्टी! रक्तदाबाची गोळी म्हटली की तोंड मिटलंच. मी गोळी हातावर ठेवायची, त्यांनी नुसतं पाणी प्यायचं, आणि झाडताना ती गोळी मला बाजेखाली सापडायची.

“कामून मागं लागलीस गं? किती दिवस ठिवून घेणार हायेस मला?” हे वर आणखी.

माझ्या मुलीला स्पेनमध्ये नोकरी लागली. ती मोबाइलवर स्पॅनिश शिकायला बसली आणि अप्पा बाजेवरून तिची परीक्षा घ्यायला.

“निघताना काय म्हणतेत तिकडं?”

“मे वॉय. म्हणजे मी जाते.”

“हॅट्! कुणी शिकिवलं न्हाई व्हय त्यान्ला? दुसरं सांग.”

“आदिओस. म्हणजे देवाच्या हवाली.”

“अगं, नोकरीला जायलीस का मसणात? इंग्रजीत तरी धड हाय का?”

“आय ॲम लीव्हिंग. सोडून चालले.”

“कुणाला सोडून?” अप्पांनी विचारलं. पोरीनं घाईघाईनं ‘आस्ता लुएगो’ काढलं, म्हणजे पुन्हा भेटू तोवर. अप्पांनी ते दोनदा घोळून बघितलं. “हे बरंय. पण ह्यात बी घरला कवा येणार ते न्हाईच.”

निघायच्या दिवशी गुलबर्ग्याला स्टेशनवर सोडायला जीप बोलावली होती. बॅगा चढल्या, हातावर दही झालं, गल्ली गोळा झाली. माझा नवरा घड्याळ बघत जीपपाशी उभा. पोरगी अप्पांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या कपाळाला विभूती लावली.

“अप्पा, येते.”

अप्पा आढ्याकडं बघायला लागले.

“अप्पा, येते म्हणलं.”

नाही. “होगि बर्तीनि, अप्पा,” तिनं कन्नडातून लाडीगोडी लावली. तरी नाही. खालानं “बोलो ना, भाईजान” म्हणून पाहिलं. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवतोय, गाडीची वेळ होत आलीय, आणि आमची स्पेनवाली उंबऱ्याच्या आत उभी! विमानाचं तिकीट हातात, पण ‘ये’ ऐकल्याशिवाय पाऊल उचलेना. शेवटी तिनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. “मग न्हाई जात मी,” म्हणाली. डोळे भरलेले. ती खरंच जाणार नव्हती. माझ्याच पोटची आहे, मला कळतं.

माझं डोकं फिरलं. “अप्पा, जन्मभर लोकांना धरून परत बसवलंत, आता नातीलाच अडकवून ठेवताय? एक शब्द तर म्हणायचाय!”

“म्हणून कसं चालंल गं?” अप्पा माझ्यावरच खेकसले. मग आवाज खाली आला. “ये म्हणलं की, ती यील तवा हितं असायला पायजे की मी. नसलो तर? पोरीला लबाड कसं बोलू?”

बाहेर ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न वाजवला, माझ्या नवऱ्यानं त्याला हातानं थांबवलं.

पोरगी रडता रडता हसली. “मग स्पॅनिशमध्ये म्हणा, अप्पा.”

“आस्ता लुगू,” अप्पा पुटपुटले.

तिनं मान हलवली. “हे न्हाई चालत आपल्याकडं.”

अप्पा चौकटीला धरून उभे राहिले. तिच्याकडं डोळे भरून बघितलं. “ये,” म्हणाले. “लवकर ये.”

तिनं पिशवी उचलली. वळणावर जीप दिसेनाशी झाली तरी अप्पा चौकटीपाशीच होते. मी आत येऊन पसारा आवरायला घेतला, कारण नुसतं बसले असते तर रडत बसले असते. दह्याची वाटी उचलली तेवढ्यात हाक आली.

“अगं, ती गोळी कुठं ठिवलीस?”

मी पाणी आणि गोळी घेऊन गेले. त्यांनी गोळी गिळली आणि मी न सांगताच आ करून दाखवला.

“रोज मागं लाग,” म्हणाले. “मी न्हाई म्हणलो तरी.”