पायाळूचा अंगठा

"मारा की लाथ, आजोबा. घाबरू नका."

डॉक्टर आपल्याच टेबलावर पालथा पडला होता. बाकड्यावरचे पेशंट हसत होते. सावंतही हसत होता. बँकेतला सावंत. कमरेत उसण भरली की वाकडा होऊन माझ्या ओट्यावर यायचा, तोच.

मी पायाळू. आईच्या पोटातून आधी माझे पाय बाहेर आले. अशा माणसानं लाथ मारली की उसण जाते, असं आमच्याकडं मानतात. चाळीस वर्षं खाडीकडच्या आमच्या गावात माणसं माझ्यापुढं पालथी पडली. लाथ कसली, टाच नुसती टेकवायची. त्याआधी मी अर्धा तास बोटांनी पाठ चाचपायचो. कुठं शीर आखडली, कुठं मणका अडलाय. अंगठा बसला की कट् वाजायचं. माणूस मोकळा श्वास घ्यायचा. मग शेवटी टाच. लोक टाचेला नमस्कार करायचे. अंगठ्याकडं कुणी बघितलं नाही.

मग गावाजवळच्या नव्या एव्हरशाईन सिटीत हा डॉक्टर आला. दोन हजार सालाच्या आसपास. कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातानं मणके बसवणारा. हा शब्द पाठ करायला मला आठवडा लागला. रागानं पाठ केला.

बायको म्हणाली, "तुमचा सावंत आता तिकडं जातो. गोली नाय, सुई नाय, नुसत्या हातानं बरं करतो म्हनं."

"मग मी काय कुऱ्हाडीनं करतो?"

"तुमी लाथ मारता."

चार दिवस जेवण गोड लागलं नाही.

एक दिवस सावंतच आला. "बाबा, चला. डॉक्टरांना तुम्हाला भेटायचंय." मला वाटलं, एका कारागिराला दुसऱ्या कारागिराला भेटायचंय. धुतलेलं धोतर नेसलो. घरची सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, बांधून घेतली.

बाकड्यावर बसलो. पडद्यामागं आवाज झाला. कट्. माझ्या अंगठ्याचा आवाज, त्याच्या खोलीत. सवतीच्या खोलीतून आपल्या नवऱ्याचं हसू ऐकावं, तसा मी तो ऐकला. पडद्याच्या फटीतून दिसत होतं. प्लास्टिकचा कणा हातात धरून तो एका बाईला सांगत होता, "मणके नीट हलायला लागले की नसांचं काम सुधारतं. मग शरीर आपलं आपण बरं होतं." बाई मान हलवत होती. अरे, मीही हेच सांगतो! शीर मोकळी करतो, पुढचं तुझं अंग करेल. माझ्यापुढं कुणी मान हलवली नाही. टाच कधी उचलतो, तेवढं बघायचे.

बाई गेली. त्यानं पडदा सारला. "हेच का ते लाथवाले?" म्हणाला आणि हसत आडवा झाला.

मी पाय उचलला. खरं सांगतो, उचलला. अशी एक घालावी, असंही मनात आलं. मग खाली ठेवला.

"पाय नाय. हात," म्हणालो. शर्टावरनं बोटं फिरवली. कमरेच्या जरा वर, डावीकडं थांबली. "हितं. सकाली उठताना धरतं."

हसू थांबलं. तो उठला, शर्ट खोचला. "गेस चांगला आहे," म्हणाला. मग काउंटरवरच्या मुलीला, "टेबल पुसून घे."

टेबलाला मी शिवलोही नव्हतो.

सुकेळी उचलली. निघालो. सावंत मागं धावला. "बाबा, मस्करी होती."

"सावंत, तुजी कंबर माज्या अंगठ्यानं बरी झाली. टाचेनं नाय."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

डॉक्टरपेक्षा हे जास्त लागलं. कारण टाचेला मिळणारा नमस्कार मला गोड लागत होता. काही न करता, जन्मानं मिळालेला मोठेपणा. कष्टानं शिकलेला अंगठा मीच झाकून ठेवला. त्या डॉक्टरनं आपले हात झाकले नाहीत. म्हणून तो डॉक्टर आणि मी लाथवाला.

दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर लाथ बंद. "लाथ नाय तर उपेग काय," म्हणत एक जण परत गेला. जाऊ दे. सुनेला समोर बसवतो. ती डोक्याकडनं जन्मलेली, चारचौघांसारखी.

"बाबा, मला जमेल?"

"बोटं हायत ना?"

ज्याचा पाय बधिर झालाय त्याला हात लावायचा नाही, मोठ्या दवाखान्यात धाडायचं, हे तिला पहिलं शिकवलं.

जळणं गेलेलं नाही. त्याच्या दवाखान्याची काच दिसली की अजून पोटात आग पडते. पडू दे. पण पाय उचला म्हणणारा कुणीही येवो, मी उचलणार नाही. बरं व्हायचं असेल त्यानं माझ्या अंगठ्याखाली यावं. टाच आता फक्त चालायला.