गुरुवारच्या सुना

माझ्या मावशीला होत्या तेवढ्या सुना अख्ख्या नाशिक जिल्ह्यात कुणाला नसतील, आणि गंमत म्हणजे तिचं लग्नच झालेलं नव्हतं. सगळ्या सुना स्त्रीरोगतज्ज्ञ, सगळ्यांचे दवाखाने गंगापूर रोडवर नाहीतर त्याच्या आसपास. आणि या सगळ्यांचा नवरा मीच, असा निदान एका म्हातारीचा तरी समज होता. ते कसं ते सांगतो, पण आधी मावशी सांगायला हवी.

मावशी बायकांची डॉक्टर. पेठच्या बाजूला, घाटापलीकडच्या एका गावी सरकारी दवाखान्यात तिने उमेदीची सगळी वर्षं काढली आणि नव्वदच्या आसपास निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आली. निवृत्त आपली कागदोपत्री. तिच्या खुर्चीवर दुसरं कुणी आलंच नाही. तेव्हा दर गुरुवारी, तिथल्या बाजाराच्या दिवशी, ही बाई पुन्हा तिकडे जायची आणि शाळेशेजारच्या एका खोलीत संध्याकाळपर्यंत पेशंट तपासायची. मी सातपूरला कारखान्यात होतो आणि माझी आठवड्याची सुट्टी नेमकी गुरुवारी असायची. हे कळल्या दिवसापासून माझी सुट्टी आणि माझी जुनी फियाट, दोन्ही तिने ताब्यात घेतल्या. मी कुरकुरलो की म्हणायची, "घरी राहून काय दिवे लावणार आहेस? चल, घाटात हवा छान असते."

तिला कुतूहल भारी. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही ती विचारायची, "तुम्ही कुणाच्या हातचे?" म्हणजे जन्माच्या वेळी आईपाशी कोण होतं, डॉक्टर, सुईण की नुसती शेजारीण? एकदा आमचे मॅनेजरसाहेब घरी चहाला आले, तर त्यांनाही तिने सोडलं नाही. साहेब बावचळले. पण सोमवारी मला केबिनमध्ये बोलावून, दार लावून म्हणाले, "आईला एसटीडी लावून विचारलं. बैलगाडीत झालो म्हणे, वाटेतच. मावशींना सांगा." मी सांगितलं. मावशी दिवसभर खुशीत होती, आणि बैलगाडी कोण हाकत होतं तेही विचारून ये म्हणाली.

गंगापूर रोडवरून जाताना तिचं कुतूहल निराळ्या वाटेने जायचं. तेव्हा तिथे महिन्याला एक नवं प्रसूतिगृह उघडत होतं. एका बिल्डिंगमध्ये खाली एक, वर एक. मावशी गाडीच्या काचेला नाक लावून पाट्या वाचायची आणि मला विचारायची, "काय रे, इथे एका जिन्यात दोघी, आणि तिकडे अख्ख्या तालुक्यात एकही नाही. असं का होत असेल?" रागाने नव्हे हो! खरंच कोडं पडल्यासारखी विचारायची. मी म्हणायचो, पोरांच्या शाळा, नवऱ्याची नोकरी, बदलीची कटकट. ती म्हणायची, "ते सगळं खरं. पण अडलेल्या बाईला ते कसं सांगायचं?" यावर मी हॉर्न वाजवायचो.

कोडं सुटेना तेव्हा तिने उद्घाटनांना जायला सुरुवात केली. आमंत्रण? छे! नव्या दवाखान्यात सत्यनारायण असला की ही इस्त्रीची साडी नेसून हजर. तीर्थप्रसाद घ्यायची, सोनोग्राफीच्या मशिनचं कौतुक करायची, आणि मग त्या पोरसवदा डॉक्टरणीचा हात हातात घेऊन म्हणायची, "बाळ, आहेर काही आणला नाही. उलट मागायला आलेय. मला एक गुरुवार दे." प्रसादाचा शिरा हातात असताना नाही म्हणणं जड जातं. पिशवीतून कॅलेंडर निघायचं आणि त्या गुरुवारच्या चौकोनात नाव पडायचं.

पहिली डॉक्टरीण गेली तेव्हा मात्र फजिती झाली. मोठी हुशार मुलगी, पण बायका तिच्यासमोर मुक्याने बसल्या. दिवसभरात जेवढ्या आल्या, तेवढ्यांचं डोकंच दुखत होतं. संध्याकाळी ती म्हणाली, "मॅडम, या भागात मायग्रेनची साथ आहे का?" मावशीने कपाळाला हात लावला. परक्या बाईपुढे अंगावरून जातंय, अंग बाहेर येतंय हे कोण बोलणार? बोलतात त्या घरच्या माणसाशी. पुढच्या गुरुवारी तिने नव्या मुलीला दारातच उभं करून जाहीर केलं, "ही माझी सून."

बघता बघता कळा पालटली. बायकांनी आधी सुनेच्या हातात बांगड्या नाहीत म्हणून तिला झापलं, मग ओटी भरली, आणि मग जे बोलायला लागल्या ते उन्हं कलेपर्यंत थांबेचनात. तेव्हापासून जी येईल ती सून. मी ओसरीवर बसून केसपेपर लिहायचो. मावशीची जुनी जोडीदारीण, सोनीआजी नावाची तिथली सुईण, माझ्याशेजारी तंबाखू मळत बसायची. एकदा तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "दादा, ह्या समद्या तुझ्याच का रं? लय दमत आसशील." ओसरीभर हशा. ही गोष्ट मी घरी सांगितली ती चूकच झाली. बायको चार दिवस मला "अहो, सुनांचे अहो" म्हणून हाक मारत होती.

पण सुना टिकायच्या नाहीत. एकदा यायच्या, फार तर दोनदा. मग फोन यायचा, आज अचानक सिझेरियन आलंय, आज मुलाचा पेपर आहे. मावशीने कधी कुणाला बोल लावला नाही. "बाळं काय गुरुवार बघून जन्माला येतात?" म्हणायची आणि स्वतः निघायची. पुढे पुढे गुडघे बोलायला लागले, घाटात दम लागायला लागला, आणि कॅलेंडरवर रिकामे चौकोन वाढत गेले. ती ते चौकोन बघत बसायची. एकदा मला म्हणाली, "मला मरायची भीती नाही रे वाटत. शुक्रवारी मेले तर बरं, सहा दिवस तरी मिळतील कुणालातरी शोधायला." मी चिडलो, काहीबाही बोललो. त्याचं आजही वाईट वाटतं.

ती गेली सोमवारी. तीनच दिवस मिळाले आणि मला कुणी सापडलं नाही. तो गुरुवार रिकामा गेला, पुढचाही.

तिसऱ्या गुरुवारी सकाळी आमच्या दारात जीप थांबली. त्यातून बायकाच बायका उतरल्या, पुढे सोनीआजी, काखेत गाठोडं. गाठोड्यात नवे कोरे खण. "बाईच्या सुनांना दुखवटा द्यायचाय," ती म्हणाली. "सासू गेली त्यांची. घरं दाव."

काय सांगू हिला? शेवटी जुनी आणि यंदाचं, सगळी कॅलेंडरं काढली आणि फियाट पुढे, जीप मागे, अशी आमची वरात गंगापूर रोडला लागली. एकेका दवाखान्यात, वाट बघणाऱ्या पेशंटांमधून, या बायका सरळ आत जायच्या, डॉक्टरणीच्या मांडीवर खण ठेवायच्या आणि मोठ्याने रडायच्या. दोघी-तिघी डॉक्टरणीही त्यांच्याबरोबर रडल्या. जी एकदाच येऊन गेली होती, मायग्रेनवाली, तिने खणाची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. मग मला म्हणाली, "दादा, कॅलेंडर आणलंय का?" तिने स्वतःच्या हाताने नाव घातलं. मग पुढच्या दवाखान्यातलीनेही घातलं.

परतताना मला राहवेना. जीपपाशी सोनीआजीला बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं, "आजी, मावशीचं लग्न झालं नव्हतं. या सुना खऱ्या नव्हेत."

तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "आरं, ती आमच्यात वीस वरीस राह्यली. आमाला ठावं नसंल व्हय?" मग डोळे पुसत जीपमध्ये चढली आणि म्हणाली, "डाक्टरला कोन धरून आननार? सुनेला आनता येतं."

ते कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात आहे. दर वर्षी बदलतो, नावं पुढे उतरवतो. सगळे चौकोन अजून भरत नाहीत. ज्या आठवड्यात रिकामा असतो, त्या आठवड्यात कुठे उद्घाटन आहे का ते मी पेपरात बघतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि शिरा खायला जातो.