लग्नापासूनचे काजवे

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. म्हणजे — अर्धी सांगितली आहे. लग्नकार्यात, कोजागिरीला गच्चीवर, बायकोच्या माहेरी. अर्ध्यावर थांबलं की हशा येतो. पुढे गेलं की काय येतं ते मला ठाऊक नाही. मी कधी गेलोच नाही.

तसा स्वतःची फजिती सांगण्यात मी कंजूष नाही. शोकसभेत माइक हातात आल्यावर घरच्यांचं 'हार्दिक अभिनंदन' करणारा मीच. सगळं पुणं कॉम्प्युटर शिकायला धावत होतं, तेव्हा क्लासच्या पहिल्याच दिवशी माउस हवेत धरून टीव्हीच्या रिमोटसारखा रोखणाराही मीच. मित्र अमेरिकेला गेले, मी बी.एस्सी.च्या पदवीवर एका दवाखान्यात चिकटलो. आपली फजिती आपणच आधी सांगितली की लोक पुढचं विचारत नाहीत — हे मला फार लवकर कळलं होतं.

दवाखान्यात तेव्हा औषधांची चाचणी चालू होती. एड्स झालेल्या माणसाची प्रतिकारशक्ती पार खाली गेली की एक विषाणू डोळ्यात शिरतो आणि आतला पडदा — ज्यावर चित्र उमटतं तो — कुरतडत जातो. त्यावर काहींना डोळ्यात इंजेक्शन, काहींना सलाइनमधून औषध. कशानं नजर जास्त टिकते ते बघायचं. माझं काम सोपं. पेशंटला ठरलेले प्रश्न विचारायचे. तक्रार असेल तर डॉक्टर मॅडमना सांगायचं, मग त्या थेंब घालून पडदा तपासणार. नसेल, तर रक्त देऊन पेशंट घरी.

प्रश्न परदेशातून आलेले. त्यांचं मराठी कुणी केलं होतं देव जाणे. एक होता — 'आपणांस प्रकाशस्फुरण जाणवते काय?' विश्रांतवाडीच्या एका रिटायर्ड गृहस्थांनी त्यावर हात जोडून सांगितलं, "अजून नाही हो. साधना कमी पडते."

मग मी माझी अक्कल चालवली. पडदा सुटायला लागला की डोळ्याच्या कडेला प्रकाश लकाकतो, एवढंच तर विचारायचं होतं. मी विचारू लागलो, "डोळ्यांपुढे काजवे चमकतात का?" सगळ्यांना कळायचं. मॅडमनीही पाठ थोपटली. पण काजवे म्हटलं की मराठी माणसाला आधी थोबाडीत आठवते, नाहीतर विजेचं बिल — हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आलं असतं तरी मला ते आवडलंच असतं.

सुमनताई बिबवेवाडीच्या. नवरा ह्याच आजारानं गेलेला. साड्यांना फॉल-पिको करून मुलीला, शीतलला, शिकवत होत्या. एक डोळा आमच्याकडे यायच्या आधीच गेला होता. उरलेल्या डोळ्यावर दोघींचं घर. शेजारीपाजारी 'डोळा साखरेमुळे गेला' म्हणून सांगितलेलं. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर बाईंचा भरवसा नव्हता. पिशवीतून सुईदोरा काढायच्या, माझ्यासमोर एका दमात ओवायच्या आणि म्हणायच्या, "हं, झाली तपासणी. लिहा पास." जीभही तशीच टोकदार. इतर पेशंट गप्प असायचे, कुणी रडायचे. ह्या आल्या की मी खुलायचो. ह्या एकट्या माझ्या तोडीच्या, असं मला वाटायचं — उलटं होतं ते, पण असो.

एका भेटीत मी नेहमीसारखं विचारलं, "काय ताई, काजवे चमकतात का?"

"ते होय? लग्न झाल्यापासून चमकतायत, भाऊ!"

बाकावरची माणसं हसली. सिस्टर हसल्या. मी तर टेबलावर हात आपटून हसलो. — आणि इथेच, इतकी वर्षं, मी गोष्ट संपवतो.

संपली होती का ती? हसणं ओसरल्यावर सुमनताईंनी पदराच्या टोकानं डोळ्याच्या बाहेरच्या कडेला एकदा झटकलं, माशी वारावी तसं. माशी नव्हती. मी पाहिलं ते. मग पिशवीत हात घालून, जरा चाचपडून म्हणाल्या, "आज सुई राहू द्या. दोरा विसरले."

दोरा विसरणारी बाई होती का ती? पुन्हा सरळ विचारायला काय जात होतं माझं — ताई, चेष्टा सोडा, खरंच काही दिसतंय का? पण मग विनोद मेला असता. आणि मला तो औषधांच्या खिडकीवरच्या मंडळींना गरमागरम सांगायचा होता. मॅडमना मी सांगितलं, "काही तक्रार नाही."

पुढची भेट यायच्या आत शीतल त्यांना हाताला धरून घेऊन आली. कडेनं काळोख चढत आला होता, आणि आता सगळीकडेच काळोख. शीतलला बाहेर बसवून मॅडमनी तपासलं. पडदा सुटला होता.

"लकाकायला लागलं तेव्हाच आला असतात तर काहीतरी करता आलं असतं हो," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "काजव्यांचं विचारलं होतंस ना रे?"

"विचारलं होतं मॅडम. नाही म्हणाल्या."

इतकं सहज आलं ते तोंडून. सुमनताईंनी मान माझ्या आवाजाच्या दिशेला वळवली. त्या खरं बोलल्या असत्या तर काय झालं असतं? नोकरी गेली असती? बहुधा तीही नाही. मी हसण्यावारी नेलं, एवढंच मॅडमना कळलं असतं. तेवढंही मला नको होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "नाहीच म्हणाले असेन."

मॅडम बाहेर गेल्यावर मात्र सुमनताई हळूच म्हणाल्या, "चेष्टेची सवय वाईट, भाऊ. दोघांचीही."

ऑपरेशन झालं, नजर आली नाही. चाचणीत त्यांचं ते 'नाही' तसंच धरलं गेलं. त्यानं कुठे काय बिघडलं, मला माहीत नाही. मी कधी विचारलंही नाही. वर्ष सरायच्या आत सुमनताई गेल्या.

इथवरचं कदाचित मी कधीतरी कुणाला सांगितलं असतं. घाबरलो होतो, नवखा होतो, म्हटलं असतं. पण अजून एक आहे.

त्या गेल्यानंतर शीतल उरलेली औषधं परत द्यायला आली. दहावीतली पोर. आई मला भाऊ म्हणायची म्हणून ही मला मामा म्हणायची. बाटल्या टेबलावर मांडून झाल्या तरी जाईना.

"मामा, एक विचारू? मॅडम म्हणाल्या, आईनं वेळेवर सांगितलं असतं तर... मग ती बोलली का नाही? एरवी तर गप्प बसायची नाही. मला इतका राग येतो तिचा — आणि आता भांडू तरी कुणाशी?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेर कुणी थांबलेलं नव्हतं. मॅडम नव्हत्या. सुमनताईही नव्हत्या, मला सांभाळून घ्यायला किंवा उघडं पाडायला. एक वाक्य — एकच — आणि त्या पोरीला तिची आई परत मिळाली असती.

मी म्हणालो, "अगं, तुझी आई हट्टी. दुखणं अंगावर काढायची सवय तिला."

"हो ना," शीतल म्हणाली. "तशीच होती ती." रिकाम्या पिशवीची घडी घातली आणि गेली.

आता ती चाळिशी ओलांडलेली बाई असेल. बोलण्याबोलण्यात कुणाला सांगतही असेल, आमची आई फार हट्टी, दुखणं सांगायचीच नाही. माझं वाक्य, तिच्या तोंडी.

मागच्या महिन्यात मेव्हण्याच्या घरी पुन्हा फर्माईश झाली, 'ते काजव्यांचं सांगा.' मी सांगितलं. आवाज काढून सांगितलं.

तुझ्या आईनं सांगितलं होतं, शीतल. चारचौघांत, मोठ्यानं. मी हसलो होतो.